पाण्याखाली नेमके कशाला घाबरावे? (लांब थ्रेड, चहा घेऊन बसा)

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेले होते. जेट्टीवरून निघालेली होडी सिंधुदुर्गाच्या तटापासून काही अंतरावर नांगर टाकून थांबली आणि माझ्या पाठीवर हवेचा सिलिंडर बांधण्यात आला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची पायाभरणी झाली, ज्याच्यावर मी एम.ए.च्या पहिल्या वर्षी पंधरा पानांचा निबंध लिहिला, तो किल्ला समोर उभा होता आणि माझे त्याच्याकडे लक्षही नव्हते. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

प्रशिक्षक मालवणचाच, गाबीत घरातला. त्याने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "भियाव नकात, श्वास घेत रवा." मग दहा मिनिटांत चार गोष्टी सांगितल्या. श्वास कधीही रोखायचा नाही. कान दुखू लागला की थांबायचे, नाक चिमटीत धरून हलकेच कानाकडे हवा ढकलायची. वर येताना घाई करायची नाही. आणि एकटे कुठेही जायचे नाही.

माझ्या मनातल्या भीतीची यादी निराळी होती. शार्क. काळोख. नाकातोंडात पाणी. खाली काहीतरी पायाला गुंडाळेल ही एक अत्यंत मूर्ख पण खरी भीती. त्याच्या चार सूचनांपैकी एकही माझ्या यादीतल्या गोष्टीबद्दल नव्हती. परत आल्यावर ग्रंथालयात बसले तेव्हा ध्यानात आले की या दोन याद्यांतले अंतर भरून निघायला माणसाला काही शतके लागली आहेत. हा थ्रेड त्या अंतराविषयी आहे.

सुरुवात शार्कपासून करू, कारण माझीही तिथूनच झाली होती.

भारत आणि श्रीलंका यांच्यामधले मन्नारचे आखात मोत्यांसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. तिथले पाणबुडे पायाशी जड दगड बांधलेल्या दोरीने तळाशी जात, शिंपले गोळा करत आणि श्वास संपत आला की वर येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याविषयी लिहिताना मार्को पोलो एक विलक्षण व्यवस्था नोंदवतो. मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणारे मांत्रिक तिथे असत आणि त्यांना मोत्यांचा विसावा हिस्सा मिळे. रात्री ते मंत्र मागे घेत, म्हणजे अंधारात चोरून मोती काढायला कोणी उतरू नये! मंत्राने शार्क थांबत होते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, पण पहारेकऱ्याचा खर्च नक्कीच वाचत होता.

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारनेही सिलोनमध्ये हा मांत्रिक पगारावर ठेवला. साहेबांचा मंत्रावर विश्वास नव्हता. परंतु मांत्रिक हजर नसेल तर पाणबुडे पाण्यात उतरत नाहीत आणि ते उतरले नाहीत तर महसूल बुडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भीतीचा बंदोबस्त हा तेव्हाही धंद्याचा भाग होता. त्याच काळातल्या वर्णनांत मात्र आणखी एक गोष्ट सहज येऊन जाते: वर आलेल्या पाणबुड्यांच्या नाकाकानांतून पाणी आणि पुष्कळदा रक्त वाहत असे. शार्कसाठी मांत्रिक होता. कानासाठी कोणीच नव्हते.

कानाची गोष्ट तशी लहान आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला एडमंड हॅली हा पाण्याखालीही गेला होता. १६९० च्या दशकात त्याने लाकडी, शिशाने मढवलेली, उपड्या पेल्यासारखी एक घंटा बनवली. तिच्यात हवा कोंडून राही आणि पिंपांतून खाली नवी हवा पोहोचवली जाई. तो आणि त्याचे साथीदार तिच्यात बसून नऊ-दहा पुरुष खोल पाण्यात दीड तासाहून अधिक राहिले. त्या वर्णनात कानात टोचणाऱ्या तीव्र वेदनेची नोंद आहे. पुढे १७०४ मध्ये इटलीतला शरीरशास्त्रज्ञ आंतोनिओ व्हाल्साल्व्हा याने कानाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात नाक-तोंड बंद करून हवा कानाकडे ढकलण्याची युक्ती सांगितली. ती पाणबुड्यांसाठी नव्हती, कानातला पू बाहेर काढण्यासाठी होती. आज जगातला प्रत्येक शिकाऊ डायव्हर पहिल्या पाच मिनिटांत हीच युक्ती शिकतो.

मी तीन मीटरवर हीच युक्ती करत लोंबकळत होते. उजवा कान लगेच मोकळा झाला, डावा होईना. प्रशिक्षकाने मला मीटरभर वर घेतले, थांबवले, पुन्हा करायला लावले. 'टुक्' असा आवाज आला आणि दुखणे नाहीसे झाले. त्या आनंदात मी अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. तो बिचारा मला घेऊन वर निघाला.

तर, 'वर येताना घाई नको'. थ्रेडचा मुख्य भाग हा.

ही कथा समुद्रात सुरू होत नाही. ती सुरू होते नद्यांच्या गाळात. १८३९ च्या सुमारास फ्रान्समधील जाक त्रिजे या अभियंत्याने ल्वार नदीकाठच्या कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी लोखंडी नळकांडे जमिनीत उतरवले आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यात दाबाखालची हवा भरली. मजूर त्या हवेत काम करत. काम करताना ठणठणीत असत, बाहेर आल्यावर सांधे धरत. १८५४ मध्ये पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी निरीक्षण मांडले की यातना आत जाताना होत नाहीत. हिशेब चुकवावा लागतो तो बाहेर पडताना. आजार नेमका कधी होतो हे त्यांना अचूक कळले होते. का होतो हे कळायला आणखी चोवीस वर्षे लागली.

मधल्या काळात अमेरिकेत मोठे पूल उभे राहिले. सेंट लुईसचा ईड्स पूल १८७४ मध्ये खुला झाला. त्याच्या पायासाठी नदीच्या तळाशी तळ नसलेल्या प्रचंड पेट्या बसवून, त्यांत हवा दाबून, माणसे खोदकाम करत होती. डझनभराहून अधिक मजूर या आजाराने मेले. कामावरचे डॉक्टर जॅमिने स्वतः खाली जाऊन आले, काही मिनिटांत बाहेर पडले आणि त्यांचे हातपाय लुळे पडले. ते पुढे बरे झाले. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग मात्र १८७२ मध्ये असाच जायबंदी झाला. पुढची वर्षे त्याची पत्नी एमिली हिने कामाचा गाडा ओढला आणि पूल १८८३ मध्ये पूर्ण झाला. कंबरेत वाकून चालणाऱ्या मजुरांना त्यांचे सोबती 'बेंड्स' म्हणून चिडवत. त्या काळी पुढे झुकून चालण्याची एक फॅशन स्त्रियांत होती, त्यावरून हे नाव आल्याचे सांगतात. चेष्टेतले नाव वैद्यकशास्त्रात जाऊन बसले.

कारण सापडले १८७८ मध्ये. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने हवेच्या दाबावर हजारभर पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत पाणी शांत असते, ढकलताच फसफसते. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दाब एकाएकी उतरला की त्याचे बुडबुडे होतात. ते सांध्यात झाले तर वेदना, मज्जारज्जूत झाले तर पक्षाघात. तेव्हा सावकाश बाहेर या, असे बेरने सांगितले. किती सावकाश, हे मात्र कोणालाच नेमके ठाऊक नव्हते.

आणि आता ग्रीस. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

एजियन समुद्रातील सीमी, कालिम्नोस अशा बेटांवरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून बुडी मारत आणि स्पंज काढत. १८६० च्या दशकात तिथे तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख आला. होडीवरचा पंप हवा पुरवू लागला. आता तळाशी बराच वेळ थांबता येई, अधिक खोल जाता येई, अधिक स्पंज मिळे. व्यापारी आनंदले. मोसमाच्या अखेरीस होड्या परत येत तेव्हा काही तरुण काठीच्या आधाराने उतरत आणि काही उतरतच नसत. कालिम्नोसवर आजही 'मिहानिकोस' नावाचे नृत्य होते. त्यात पुढचा नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी, लुळ्या पाणबुड्याची चाल नाचून दाखवतो. पॉल बेरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये होता आणि ही बेटे पॅरिसपासून फार दूर होती.

१९०० च्या वसंतात सीमीच्या स्पंजवाल्यांची एक होडी वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबली. वेळ घालवण्यासाठी इलियास स्तादियातिस नावाचा पाणबुड्या खाली उतरला. थोड्याच वेळात त्याने वर ओढण्याची खूण केली. शिरस्त्राण काढले तेव्हा तो भेदरलेला होता. खाली नागड्या माणसांची आणि घोड्यांची कुजकी प्रेते पसरली आहेत, असे तो सांगत होता. कप्तान दिमित्रिओस कोंदोस स्वतः खाली गेला आणि हातात एक हात घेऊन वर आला. ब्राँझचा हात. प्रेते नव्हती, पुतळे होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बुडालेले एक जहाज तिथे पडले होते.

त्या वर्षाच्या अखेरीस ग्रीक सरकारने नौदलाचे जहाज देऊन याच स्पंजवाल्यांकडून वस्तू काढण्याचे काम सुरू केले. खोली सुमारे ४५ ते ५० मीटर. दिवसातून एकदोनदा बुडी, तळाशी जेमतेम काही मिनिटे. त्यांनी ब्राँझचा तरुण आणला, तत्त्वज्ञाचे मस्तक आणले, संगमरवरी घोडे आणले. १९०२ मध्ये त्याच ढिगाऱ्यातल्या एका गंजक्या गोळ्यात दातेरी चक्र दिसले. तेच प्रख्यात 'अँटिकिथेरा यंत्र', ग्रहताऱ्यांची गणिते करणारे. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ही कथा इथे टाळ्या घेऊन संपते.

पण त्या मोहिमेत एक पाणबुड्या मेला, दोघे कायमचे लुळे झाले. ज्या दृश्याला पाहून स्तादियातिस भेदरला ते दगड आणि धातू होते. त्यांनी कोणाचा जीव घेतला नाही. जीव घेतला तो परतीच्या वाटेने, म्हणजे वर येण्याच्या त्या काही क्षणांनी, ज्यांची भीती होडीवर कोणालाही वाटत नव्हती. बेरचा ग्रंथ तेव्हा बावीस वर्षे जुना होता. त्या यंत्राविषयी शेकडो व्हिडिओ आहेत. ते वर आणण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यासाठी बहुतेकांत अर्धे वाक्यही नसते, याचा मला मनापासून राग येतो.

'किती सावकाश' याचे उत्तर या मोहिमेनंतर काही वर्षांतच आले, आणि ते शेळ्यांनी दिले.

ब्रिटिश नौदलाने १९०५ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाला हे कोडे सोडवायला सांगितले. त्याने लंडनमध्ये एका पोलादी कोठीत शेळ्यांना दाबाखाली ठेवून वेगवेगळ्या गतीने बाहेर काढले. शेळी बोलत नाही, पण सांधा दुखला की पुढचा एक पाय उचलून धरते आणि ते खिडकीतून दिसते. निष्कर्ष असा निघाला की एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत वेगाने वर येता येते. त्यानंतर मात्र टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत यावे लागते. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या समुद्रात नौदलाचे डॅमंट आणि कॅटो या पद्धतीने २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेले हाल्डेनचे कोष्टक आजच्या डायव्हरच्या मनगटावरील संगणकाचे पणजोबा आहे.

त्या जहाजावर हाल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगाही होता. वडिलांनी त्यालाही पोशाख चढवून पाण्यात सोडले! पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, मनगटाशी सैल. पाणी आत शिरू लागले. मुलगा घाबरला असणारच, पण खाली जाऊन आला. हाच पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीत बुडून ९९ माणसे गेली, तेव्हा त्याने दाबाच्या कोठीत स्वतःवर प्रयोग केले. एकदा झटके येऊन त्याचा मणका दुखावला. कानाच्या पडद्यालाही भोक पडले, आणि त्या कानातून तंबाखूचा धूर सोडता येतो याचे त्याला कौतुक होते. १९५७ मध्ये तो भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तला. आपल्याकडे त्याला आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतात. पण पाण्याखाली घाबरलेल्या नवशिक्यांच्या परंपरेत मला तो आपला वाटतो.

राहिली पहिली सूचना: श्वास रोखू नका. माझ्या सहा मीटरांच्या, वीस मिनिटांच्या बुडीत बेंड्सचा धोका जवळजवळ नव्हता. श्वास रोखण्याचा होता. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून हवा घेतली आणि ती कोंडून वर आलो तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसे तेवढी देऊ शकत नाहीत. पूर्ण भरलेल्या छातीने सव्वा मीटर वर येणेही घातक ठरू शकते, म्हणजे पोहण्याच्या तलावातही. १९३२ मध्ये अमेरिकन नौदलातील पोलाक आणि ॲडम्स या डॉक्टरांनी पाणबुडीतून सुटकेच्या सरावात जायबंदी झालेल्या खलाशांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या तेव्हा या प्रकाराकडे नीट लक्ष गेले. फुटलेल्या फुप्फुसांतून हवा रक्तात आणि तिथून मेंदूत जात होती.

नौदलापुरती ही माहिती पुरेशी होती. पण १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमील गान्याँ हा अभियंता यांनी 'ॲक्वा-लंग' बनवले. युद्धकाळात पेट्रोल नसल्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्याँने एक झडप केली होती. तिच्यातूनच श्वास घेतला की तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर निघाला. पॅरिसजवळ मार्न नदीतील पहिल्या चाचणीत तो आडवे पोहताना छान चालला, उभे राहताच हवा भसाभसा वाया घालवू लागला. मग दोष दुरुस्त झाला. युद्धानंतर हे यंत्र दुकानात मिळू लागले. आता नाव नको, पंप नको, नळी नको आणि शिकवणाराही नको! घोटाळा इथेच होता. पैसे मोजून कोणीही ते पाठीवर बांधू शके आणि दचकला की पोहणाऱ्याच्या सवयीने श्वास कोंडून वर झेप घेई.

म्हणून शाळा निघाल्या. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये हौशी डायव्हरांचा क्लब, त्यानंतर लवकरच लॉस एंजेलिस काउंटीचा सरकारी अभ्यासक्रम, १९६६ मध्ये 'पॅडी'. आपल्याकडे १९८१ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वज्ञ पाठीवर सिलिंडर बांधून उतरले. खापरांची वर्गवारी शिकलेल्या माणसांना नाक चिमटीत धरून कान मोकळा करणे शिकावे लागले.

होडीवर परतल्यावर मी प्रशिक्षकाला विचारले, "दादा, तुम्हाला पहिल्यांदा भीती वाटली होती का?" तो हसला. त्याचे आजोबा खडकात अडकलेली जाळी सोडवायला कशाहीविना बुडी मारत. घरात लहानपणापासून एकच शिकवण: दम धर. त्यामुळे प्रशिक्षणाचे पहिले चार दिवस, तो म्हणाला, त्याला दम सोडायला शिकण्यातच गेले. आजोबांना ते सांगितले तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. पाण्यात श्वास सोडतो तो कसला पाणबुड्या, असे त्यांनी विचारले होते.